बोट सातला सुटते

न्यूफाउंडलंडजवळच्या आमच्या छोट्या बेटावर बोटीची तिकिटं फाडते ती ड्रूसिला पेनी. एकोणतीस वर्षं त्याच खिडकीत. 'सुटेल', 'येईल' असलं लेचंपेचं बोलणं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. बोट सातला सुटते. डॉक्टर गुरुवारी येतो. माझ्या थोरल्याच्या खेपेला माझं पोट बघून म्हणाली, "मंगळवारी बाळंत होतेस तू." झाले की मंगळवारीच! पोराची काय बिशाद.

गेल्या सप्टेंबरात खाडीपलीकडच्या इस्पितळातून एनॉसकाकाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. आठ महिने वाट बघून मिळालेली. ड्रूसिलानं आदल्या दिवशीच सांगितलं, "काका, बोट सातला सुटते. अकराला तू टेबलावर." काका पहाटेच दाढी करून, लग्नातला कोट घालून धक्क्यावर हजर.

धुकं तर असं, की थुंकावं तर कुठं पडलं ते दिसू नये.

आमचा नेम असा, की धक्क्यासमोरचा कोंबडी खडक दिसला तरच बोट हलवायची. कप्तान गॉर्डन, ड्रूसिलाचा धाकटा भाऊ, कठड्याला टेकून उभा होता.

"मला दिसतोय की खडक!" काका ओरडला.

"काका, तुला ताटातला मासा दिसंना, आन् खडक दिसतोय व्हय?" गॉर्डन म्हणाला.

सगळा धक्का हसला. काका नाही हसला.

नऊ वाजले तरी खडक दिसेना. ड्रूसिलानं भावाला भरीला घातलं नाही. त्याच खडकानं त्यांचा बाप नेलेला. तिनं सरळ इस्पितळात फोन लावला.

"एनॉस उद्या अकराला येतोय."

पलीकडची बाई म्हणाली, पुढची तारीख मार्चात.

"बाई, तुला कळंना. तो उद्या येतोय. उपाशी येतोय. कोट घालून येतोय. तू त्याला आत घेतेस."

पलीकडं कागद चाळले गेले. मग आवाज आला, "बरं. शेवटचा नंबर लावते."

गॉर्डन खिडकीशी आला. "आक्का, उद्याबी धुकं असलं तर?"

"उद्या धुकं न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी इस्पितळाला सांगून बसलेय. आता कुठल्या तोंडानं येतंय धुकं?"

बोलली खरी, पण काकाचं तिकीट फाडताना दोन वाया घालवली तिनं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतंच, जरा पातळ. सातला खडक नाही. सात-दहाला त्याचं टोक दिसलं आणि गॉर्डननं भोंगा दिला. काकाचा डोळा झाला. ड्रूसिला मात्र त्या दहा मिनिटांवरून भावाशी दोन दिवस बोलली नाही.