राजपुत्राचे ओठ

वडवणीच्या एसटी स्टँडवर परवा शेजारी बसलेली बाई मोबाइलवर व्हिडिओ बघत होती. आवाज बंद. पडद्यावरचा देखणा नट तावातावानं काही सांगत होता आणि मी, नसती उठाठेव, त्याचे ओठ वाचत बसलो. एक शब्द हाती लागला नाही. मग आठवले आमच्या गावचे आबा. मेंढरं राखायचे आणि सांगायचे, तरुणपणी मी मूकपटांचा हिरो होतो.

माझा स्वभाव मुळातच संशयी; दुधात पाणी आधी शोधणार, चव मागाहून घेणार. आबांची गोष्ट अशी, की मेंढरं चारत ते नाशिककडे गेले. तिथं एका सिनेमा कंपनीला घोड्यावरून पडणारा गडी हवा होता. ते इतक्या झोकात पडले, की पडता पडता राजपुत्र झाले. तलवारी, राजकन्या, भिंतीभिंतीवर चित्रं. मग बोलपट आले. आवाजाच्या पहिल्याच चाचणीत आबा म्हणाले, "महाराणी, तुमी कावून रडता?" सगळे खो खो हसले आणि आबा पुन्हा मेंढरांमागं आले. गोष्ट झकास, पण पुरावा? एक फोटो नाही. फिल्मा जळाल्या म्हणे. बऱ्या सोयीनं जळाल्या, असं मी मनात म्हणायचो. पारावर कुणी ओरडायचं, "काय हिरो, घोडा कुठं हाय रं?" आबा हसायचे, पण हळूहळू त्यांनी सांगणंच सोडलं. एकदा मला म्हणाले, "मरायच्या आधी एकानं तरी खरं मानावं, बस." मला त्या वाक्याचाही संशय आला.

मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो, तेव्हा ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर एका मूकपटाचा उरलासुरला तुकडा दाखवला. पांढऱ्या रंगानं लिंपलेला, काजळ घातलेला, सख्ख्या आईनं ओळखू नये असा राजपुत्र राजकन्येचा हात धरून आर्जवानं बोलत होता. मध्येच पाटी आली: 'प्रिये, तुझ्याविना हे राज्य मला स्मशान आहे.' आबा पुटपुटले, "मीच हाय ह्यो." लोक हसले. नटाचं नाव कुठंच नव्हतं. तेवढ्यात माझी आत्या, लहानपणीच्या तापात ठार बहिरी झालेली आणि ओठ बघूनच सगळ्यांशी बोलणारी, तोंडाला पदर लावून हसत सुटली. मला बाजूला ओढून म्हणाली, "आरं, राज्य-बिज्य न्हाई म्हणत त्यो. 'मेंढरं बाजरीत शिरली, हाकल की' म्हणतोय!"

मी तडक आबांकडे गेलो. ते जागचे हलले नव्हते. आत्याचं काही न सांगता विचारलं, "त्या राजकन्येचा हात धरून तुम्ही काय बोलत होता?"

"आवाज कुठं व्हता? सायेब म्हणायचे, काय बी बोल, ओठ हलले पायजेत. मला दुसरं काय येत व्हतं? म्हणायचो, मेंढरं बाजरीत शिरली, हाकल की."

मी तिथंच सगळ्यांना दोन्ही गोष्टी ओरडून सांगितल्या. हसणाऱ्यांनी आबांना पुढं जागा करून दिली. आबा माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं. ते आत्याकडे बघत होते.

आता दोघंही नाहीत, पण माझी खोड कायम आहे. परवा बसमध्ये बसल्यावर पुन्हा किडा वळवळला. खतासाठी आबांची मेंढरं आमच्याच शेतात बसायची आणि त्यांना भाकरी नेऊन द्यायची ती आत्याच. ते वाक्य त्यांनी तिला आधीच कधीतरी सांगितलं असेल तर? मग सारा पुरावाच कोसळला. चौसाळ्यापर्यंत मी हाच हिशोब करत होतो.

पण सांगितलं असलं, तरी आत्याला ऐकू कुठं येत होतं? बांधावर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघूनच तिनं ती सगळी गोष्ट घेतली असणार. आबा हिरो होते की नव्हते, माझं अजून ठरत नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नव्हती, एवढ्याबद्दल मात्र मला संशय नाही.