पट्टीखालचं तीर्थ

वच्छला सिस्टर पट्टी सोडायच्या आधी तिच्यावर वाकून वास घ्यायच्या. नांदेडच्या दवाखान्यात, ऑपरेशन झालेल्या बायालेकरांच्या वार्डात, त्या येळी समद्याजणी त्यांच्या तोंडाकडं बघायच्या. वास घेऊन काही बोलल्या तर बरं, गप उभ्या ऱ्हायल्या की समजायचं, जखम चिघळली.

माझी सोनी पाच वर्साची, तिचं अपेंडिक पोटातच फुटलं म्हनून इस्लापूरहून पळवत आणलेलं. मी सातवी शिकलेली, मला तिथलं काय बी कळंना, नुसती रडायची. सिस्टर म्हनायच्या, "आधी हात धू, मंग रड. रडायला सारा दिवस पडलाय." कोनी खाटेवर टेकलं की, "उठा पाव्हणं, हा काय पार हाय का गप्पा मारायला?" मोठ्या डॉक्टरलाबी सोडायच्या न्हाईत. एकदा ते तसेच सोनीच्या पट्टीला हात घालून राहिले, तर ह्या ट्रे धरून मधी उभ्या, "सर, नळ तिकडं हाय." डॉक्टर हसले अन् गेले नळावर.

तिसऱ्या दिवशी सिस्टर वास घेऊन गप उभ्या ऱ्हायल्या. सोनीचं आंग तापलेलं, टाक्यातून हिरवट पू येऊन राहिला होता.

"पट्टीला कोनी हात लावला?"

"कोनी न्हाई," मी म्हनलं.

लावला होता. सासूनं गावच्या देवीचं तीर्थ बाटलीत आणलेलं, ते टाक्यावर शिंपडलं, अन् पट्टी उचलून मीच धरली होती. खरं बोललं तर पोरीला हाकलून देतील असं वाटलं, लई भ्याले.

मंग खाटा फिनेलनं धुतल्या, झाडणाऱ्या मावशीला बोलणी बसली, डॉक्टरनं सिस्टरलाच इचारलं, "हत्यारं नीट उकळली होती का?" सिस्टर मान खाली घालून म्हनल्या, "उकळली सर. पुन्हा उकळते." दोन दिवस मी हे बघत बसले. मंग सोनीचे टाके उसवले, ती "आई, जळून राहिलं गं" म्हनून वरडली, अन् मी सिस्टरचा हात धरून समदं सांगून टाकलं.

वाटलं आता कानाखाली बसती. त्यांनी एकच इचारलं, "अजून कोनाला लावलं?"

शेजारच्या खाटेवर जळकोटची गयाबाई आजी होती, हर्नियाची. परवा तिला सुट्टी झाली, तवा सासूनं बाटलीतलं उरलेलं मायेनं तिच्या टाक्यावर टाकलं. सोनी तवा तापानं फणफणून राहिली होती, तरी मी गप.

सिस्टरनी आजीच्या घरी फोन लावला, परत लावला, बंद. ड्युटी सुटली तशा घरी न जाता जळकोटच्या एस्टीत बसल्या. परत आल्या त्या जीपमधी, आजीचं डोकं मांडीवर, अन् आजी हाकंला ओ देत नव्हती.

सोनीचा ताप उतरला. आजी चौथ्या दिवशी गेली.

तिचा लेक व्हरांड्यात वरडत होता, "तुमीच मारलं माझ्या आईला, घाणेरडे हात तुमचे!" सिस्टर ऐकून घेत होत्या. माझं नाव घेतलं न्हाई, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मीच जवळ गेले. "सिस्टर, मला सांगायचंय त्याला. पाय उचलंना."

"चल," त्या म्हनल्या. "सांगायचं तू. मी संग उभी ऱ्हाते."

मी सांगितलं. तो हात उगारून माझ्या अंगावर आला. सिस्टर सरकल्या न्हाईत.