सरी म्हणा, अक्का

मी चौथीपर्यंतच शिकले. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन चुकलं असेल तर माफी असावी.

बेंगळुरात एचएसआर भागात मी ज्यांचा स्वयंपाक करते, ते अण्णा कॉम्प्युटरच्या मेमरीचं काम करतात. कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालतो म्हणे. तो आणि बाहेर जोडलेलं यंत्र, दोघांनी मेमरीतल्या जागांची एकच यादी वाचावी, असं ते जुळवतात. "एकाला न कळता जागा बदलली, की ते भलत्याच जागी लिहितं, अक्का," असं सांगताना ते नखं खातात.

घरातल्या सारख्या दिसणाऱ्या डब्यांचीही एकच यादी आहे. ती मी आणि त्यांच्या आई वाचतो. आईंना शेंगदाण्यानं घसा सुजतो, अण्णांना कुटाशिवाय भाजी जात नाही.

काल अण्णा कुटाची जागा बदलत होते. "जुनी जागा विसरलात ना दोघी?"

आई "सरी" म्हणाल्या, म्हणजे कानडीत "बरं". मी मान हलवली.

"सरी म्हणा, अक्का. माझी पाठ आहे, मान हलवलेली दिसत नाही."

"लाजते रे ती," आई हसल्या.

अण्णा हसले नाहीत. डबा धरून तसेच उभे राहिले, मानेवर घाम. मी मोठ्यानं "सरी" म्हटलं, तेव्हाच त्यांनी डबा खाली ठेवला.