मागच्या सीटवर बसून निवडलेली गाडी

शिवऱ्याजवळ हायवेला लागून जुन्या-नव्या मोटारसायकलींचं एक दुकान आहे. तिथे चिमाजीतात्यांनी आयुष्यातली पहिली गाडी पारखली ती मागच्या सीटवर बसून. दुकानातला सोमनाथ किल्ली हातात घेऊन उभा होता. "काका, पुढं बसा, हँडल धरून बघा," असं त्यानं दोनदा सांगून पाहिलं. तात्या मागेच बसले. थोडे पुढे सरकले, थोडे मागे सरकले, मग दोन्ही पाय एका बाजूला सोडून बायका बसतात तसे आडवे बसले.

"धराया दांडी लई बारीक हाय," ते म्हणाले. "म्हाताऱ्या मानसाचा हात सुटंल."

सोमनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या ट्रककडे पाहायला लागलो.

"सर, गाडी चालवणार कोण?" त्यानं मला हळूच विचारलं.

"हेच."

"आधी कुठली चालवलीय?"

"एकही नाही. सायकल येते."

सोमनाथ भला माणूस. तो हसला नाही, नुसती किल्ली खिशात ठेवली.

चिमाजी रेणुसे हे एसटीचे कंडक्टर. आता होते म्हणायला हवं. एकतीस वर्षं भोर डेपोत काढली आणि त्यातली बहुतेक भोर-वेल्हे गाडीवर. घर विंझरचं. मी राहतो भोरला आणि शिकवतो विंझरच्या शाळेत, त्यामुळे अकरा वर्षं त्यांच्याच गाडीनं जात होतो. तिकीट देता देता हा माणूस अर्ध्या तालुक्याची विचारपूस करायचा. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस व्यायली, कुणाचा दाखला तहसीलात अडकला, सगळं त्यांना ठाऊक. गाडीत साठ माणसं कोंबलेली असली तरी प्रत्येकाला वाटायचं, तात्या आपल्याशीच बोलतायत. पुढे मी स्वतःची मोटारसायकल घेतली आणि एसटी सोडली. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते रस्त्यात दिसले की उगाच घाई असल्याचं आठवायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मुलगी प्रेरणा लग्न करून पुण्यात हडपसरला. गेल्या मे महिन्यात तात्या निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते शाळेत आले आणि स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले.

"पयल्या दिवशी लई बरं वाटलं, सर. दुसऱ्या दिवशी दुपारी ध्यानात आलं, सकाळपास्नं आपन एक सबूद बोललो न्हाई."

मग त्यांनी बेत सांगितला. मोटारसायकल घ्यायची. रस्त्याला माणसं उभी असतात, त्यातलं एकेक माणूस मागे बसवायचं, न्यायचं, आणायचं. "तेवढंच बोलनं हुतंय. मागं कुनीतरी बसाया पायजे, बाकी गाडीचं मला काय बी न्हाई."

ऐकून मला राग आला. राग स्वतःचाच. दिवसातून दोनदा मी त्यांच्या घरावरून जात होतो. म्हणून मुकाट्यानं त्यांच्याबरोबर शिवऱ्याला आलो.

गाडी कुठली घ्यावी याबद्दल गावात सगळ्यांना मतं होती, तात्यांना सोडून. पुतण्या इंद्रजित म्हणाला, "बुलेट घ्या तात्या, गड्याला शोभली पायजे." फोनवर प्रेरणा म्हणाली, "अजिबात नको, आणि घ्यायचीच असेल तर स्कूटी घ्या, गिअरची भानगड नको." मी म्हणालो, शंभर सीसीची हलकी गाडी घ्या आणि गप्प बसा. तात्यांनी तिघांचंही ऐकून घेतलं आणि तिन्ही गाड्यांच्या मागे बसून बघायचं ठरवलं.

दांडी बारीक असली तरी बुलेटची मागची बैठक त्यांना फार आवडली. मग केवळ सोमनाथच्या आग्रहाखातर ते पुढे बसले. तात्यांची उंची पाच फूट आणि वर थोडंसं काहीतरी. पायांचे चवडे कसेबसे जमिनीला टेकत होते. दुकानापुढे जरासा उतार आहे, तिथे गाडी डावीकडे कलली आणि तात्या तिच्यासकट अगदी सावकाश आडवे झाले. गाडीला मी आणि सोमनाथनं मिळून उभं केलं, तात्या आपले आपण उभे राहिले.

"बैठक झ्याक हाय, पर," लेंगा झटकत ते म्हणाले.

मग मात्र माझा पारा चढला. "तात्या, नव्या माणसानं बैठक बघायची नसते! आधी दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का ते बघायचं. बंद गाडी एकट्याला ढकलता येते का, पडली तर एकट्याला उचलता येते का, ते बघायचं. ताकदवान गाडी घेऊन करायचं काय तुम्हाला, राजगडावर चढवायचीय? बिघडली तर विंझरच्या गॅरेजात तिचा पार्ट मिळाला पाहिजे. मागचा माणूस नंतर. पुढचा नीट बसला तरच मागचा बसणार ना?"

"आवो, पर मागचा बसनारच न्हाई आसं वाटलं तर पुढच्यानं बसून करायचं काय?" तात्या शांतपणे म्हणाले. मी आणखी चिडलो.

स्कूटर त्यांनी एका मिनिटात निकालात काढली. चाकं एवढीएवढीशी, आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात अख्खी बसतील. शेवटी राहिली शंभर सीसीची काळी, लाल पट्ट्याची गाडी. लांब, सपाट सीट. मागे रुंद दांडी. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, आणि आडवं बसणाऱ्या बाईला दोन्ही पाय ठेवता येतील अशी पट्टी. तात्या मागे बसले, आडवे बसले, दांडी हलवून पाहिली आणि उठून म्हणाले, "ही." मी त्यांना पुढे बसवलं. दोन्ही टाचा टेकल्या. मी मागच्या माणसाचा विचार केला नव्हता, त्यांनी पुढच्याचा केला नव्हता, तरी दोघांची पसंती एकाच गाडीवर आली. त्या दिवशी आम्ही दोघंही खूश होतो.

शिकायला शाळेचं मैदान. शाळा सुटली की मी मागे बसायचो, ते चालवायचे. क्लच त्यांना लवकर जमला, मान जमेना. मागच्याशी बोलायचं तर त्याच्याकडे बघून, ही एकतीस वर्षांची सवय. गाडी गोलपोस्टकडे चाललेली आणि तात्या मान वळवून मला विचारतायत, "मॅडमची बदली झाली का हो?" मी ओरडायचो, "पुढं बघा!" सातवीची पोरं भिंतीवर ओळीनं बसून मजा बघायची आणि घरी जाऊन साभिनय सांगायची.

भोरच्या आरटीओ कॅम्पात पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला ते एकदा नापास झाले. आठाचा आकडा छान काढत होते. तेवढ्यात साहेबांनी पुढच्या माणसाला बोलवायला हात वर केला. तात्यांनी अर्ध्या आठावर गाडी थांबवली. हात केला की थांबायचं, एवढंच त्यांना माहीत. दुसऱ्या वेळी पास झाले, पेढे घेऊन शाळेत आले.

आता माणसं बसवायची. इथे त्यांनी जी चूक केली ती जगात फक्त एसटीचा कंडक्टरच करू शकतो. थांब्यावर माणसं असतात ती गाडीच्या वेळेला. आणि तात्या त्या वेळेला जायलाच तयार नाहीत. "एसटीचा प्रवासी म्या पळवायचा न्हाई. वडापच्या जीपवाल्यांशी जल्मभर भांडलो. त्ये शिटा भरून न्यायचे आन् आमची गाडी रिकामी. आता म्याच वडाप करू व्हय?"

"तुम्ही कुठं पैसे घेणार आहात?"

"पैशाचं न्हाई ओ. शीट एसटीचं हाय."

म्हणून एसटी गेल्यावर दहा मिनिटांनी ते थांब्यावर पोचायचे. ज्यांना जायचं ती माणसं गेलेली असायची. एखादं चुकूनमाकून राहिलेलं असलं तर त्यानं शाळेच्या मैदानावरची हकिगत ऐकलेली असायची. "तुमी व्हा म्होरं तात्या, मला टायम हाय." तीन आठवडे मागची सीट रिकामी गेली. एकदा मार्गासनीच्या थांब्यावर मी त्यांना पाहिलं. गाडी बाजूला लावलेली, तात्या थांब्याच्या कट्ट्यावर, मांडीवर हेल्मेट. माझा पहिला तास होता. मी हॉर्न वाजवून पुढे गेलो. त्यांनी हात केला होता, तो थांबण्यासाठी होता की नुसताच, हे मी बघितलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मग एके दिवशी फुलाबाई बसल्या. विंझरच्याच, सत्तरीच्या, वेल्ह्याला तहसीलात हयातीचा दाखला द्यायला निघालेल्या. एसटी चुकली होती आणि मैदानावरची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. तात्यांना इतका आनंद झाला असेल की काय सांगू. बातमी दुपारीच शाळेत पोचली; मला वाटलं, संध्याकाळी ते फुललेल्या चेहऱ्यानं शाळेत येतील. आले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"पडलात का?"

"न्हाई. गाडी झ्याक चालली. म्हातारी सगळ्या वाटंनं बोलत व्हती, सर. आरशात दिसत व्हतं, हात बी हालवत व्हती. मला निस्ता वारा ऐकू येतोय. त्यात ह्ये हेल्मेट. मान वळवली तर तुमी ओरडल्यालं आठवायचं. वेल्ह्यात उतरल्यावर इचारलं, काय म्हनत व्हता? तर म्हनली, आता परत कुठं सांगू बाबा, सांगून झालं."

त्यानंतर आणखी दोघं-तिघं बसली. प्रत्येक वेळी तेच.

"जल्मभर मानसांकडं त्वांड करून काम केलं," पुन्हा एकदा शाळेत आले तेव्हा ते म्हणाले. "आता मानूस मिळालं तर माझी पाठ त्येच्याकडं."

गाडी निवडताना आम्ही टाचा बघितल्या, दांडी बघितली, साडीची जाळी बघितली. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सोमनाथच्या नाही आणि एवढं शहाणपण शिकवणाऱ्या माझ्याही नाही.

निघताना ते स्टाफरूमच्या दारात थांबले. "सर, येक इचारू? तुमी चालवता का येकदा? म्या मागं बसतो."

"चालवू की. परीक्षा होऊ द्या," मी म्हणालो.

परीक्षा झाल्या. मग पेपर तपासायचे होते, मग दिवाळी आली, मग स्नेहसंमेलन. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. गाडी त्यांच्या दारात ताडपत्रीखाली उभी असायची, मी येताजाता बघायचो. कधीकधी तात्या ओट्यावर असायचे आणि मी हॉर्न वाजवायचो. हॉर्न म्हणजे काही बोलणं नव्हे, हे कळत होतं. तरी वाजवायचो.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा अकराला सुटली आणि मी माझी गाडी त्यांच्या दारात लावली. "चला तात्या, वेल्ह्याला चहा पिऊन येऊ." ते उठले, ताडपत्री काढली, सीट पुसली. पुढचीही पुसली, माझ्यासाठी.

विंझर मागे पडलं तसं मी गाडी पळवली. मागे तात्यांचं बोलणं सुरू झाल्याचं मला पाठीला कळत होतं. शब्द एकही नाही. मी आपला "हो, हो" म्हणत मान हलवत होतो. फोनवर नको असलेल्या माणसाला म्हणतो तसा हो. मग रस्त्याचं काम चाललेलं आलं, सगळीकडे खडी. मी दुसऱ्या गिअरवर आलो, धूळ बसली म्हणून हेल्मेटची काच वर केली, आणि वारा एकदम थांबला.

"...तर रोज दुपारी डेपोत चवकशीला फोन लावतो," तात्या मागे बोलत होते. "वेल्ह्याची गाडी कधी सुटती म्हनून इचारतो. टायम काय, मला तोंडपाठ हाय. पर तिथली पोरगी लई नीट सांगती. शेवटाला म्हनती, आनखी काय हवंय का, काका? मग म्या परतीचा टायम इचारतो. तेवढंच आनखी थोडं."

ते मला सांगत नव्हते. पुढच्याला काही ऐकू येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ऐकू येत नाही म्हणूनच सांगत होते.

खडी संपली, डांबर लागलं. मागून एका टेम्पोनं हॉर्न वाजवला, मी हातानं त्याला पुढे जायला सांगितलं. तात्या बोलतच होते. बायकोच्या शेवटच्या दिवसांचं, प्रेरणाच्या रविवारच्या फोनचं, आणि एकदा माझंही, की सर रोज जातात पण त्यांना कामं असतात, त्यांचं तरी काय चुकलं. मी मान हलवली नाही. आता ती नेमक्या वाक्याला हलली असती आणि ऐकू येतंय हे त्यांना कळलं असतं. वेल्हे येईपर्यंत मी दुसरा गिअर सोडला नाही.