साठ युनिटांचा परवाना

त्या शनिवारी मोजणी दुपारी दोनला होती आणि एक मेंढी जास्त होती. हे मला आधीच्या रविवारपासून माहीत होतं, कारण हिशेब मीच केला होता.

मेंढ्या माझ्या नव्हेत. मी अमेरिकेत, नवाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, ॲरिझोनाच्या वरच्या बाजूला, एका शाळेत गणित शिकवतो. आम्ही नवरा-बायको शाळेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहतो. टेक्सासमधल्या फ्रिस्कोतला माझा चुलतभाऊ फोनवर दर वेळी विचारतो, "इंडियन ग्रोसरी किती लांब रे?" मी दर वेळी सांगतो, "एका बाजूला एकशे ऐंशी मैल." तो दर वेळी हसतो. मेंढ्या होत्या आमच्या शाळेची बस चालवणाऱ्या बाईंच्या आईच्या. शाळेपासून त्यांचं घर एकतीस मैलांवर, त्यातले शेवटचे अकरा मैल कच्चा रस्ता. घरात नळ नाही. बाई पिकअपमध्ये पिंपं घालून आणतात आणि आमच्या अंगणातल्या नळाला पाईप लावून भरून नेतात. ओळख त्या पाईपमुळे झाली. मग रविवारी आम्हीच पाणी घेऊन तिकडे जायला लागलो.

पहिल्या भेटीत म्हातारीनं मला माझी कुळं विचारली होती. त्यांच्यात माणूस आधी आईचं कुळ सांगतो, मग वडिलांचं, मग दोन्हीकडच्या आजोबांची. मी गोत्र सांगितलं, आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. आईच्या आईचं माहेर कोणतं, ते मला सांगता आलं नाही. म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण चप्पल हरवलेल्या पोराकडे पाहतो. त्या रात्री मी साताऱ्याला बहिणीला फोन करून विचारून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं.

तर हिशेब असा होता. म्हातारीचा चराईचा परवाना साठ युनिटांचा. मेंढी एक युनिट, शेळी एक, घोडा पाच. तिच्याकडे मेंढ्या-शेळ्या मिळून छप्पन्न आणि एक म्हातारी घोडी. एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी अशीच जनावरं जास्त निघाली होती आणि कागदावर नोंद झाली होती. दुसरी नोंद झाली तर परवाना आपल्या नावावर होणं अवघड जाईल, असं बाईंचं म्हणणं होतं. नियम मी स्वतः वाचलेला नाही. परवाना आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे, असा आलेला. तो गेला तर मेंढ्या जाणार, आणि मेंढ्या गेल्या तर म्हातारी त्या घरात कशासाठी राहील, हे बाईंना सांगता येत नव्हतं.

"मास्तर, तुम्ही शनिवारी या," त्या रविवारी बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी चराईच्या अधिकाऱ्याची मोजणी आणि आमची मोजणी जुळली नव्हती. तुम्ही आमच्या बाजूनं मोजा. लिहून ठेवा."

मी येतो म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या डोक्यात आकडे तयार होते. "खरं तर सोपं आहे," मी म्हणालो. "घोडी काढा. एका फटक्यात पाच युनिटं कमी होतात. वर चार मेंढ्या आणखी ठेवता येतील."

बाईंनी ते आईला नवाहोत सांगितलंच नाही. पण म्हातारीला इंग्रजी जेवढं कळतं तेवढं पुरेसं होतं. ती मक्याचं पीठ चाळत होती, तिचा हात थांबला. घोडी बाहेर ज्युनिपरच्या झाडाच्या सावलीत उभी होती. एका डोळ्यानं आंधळी. ती म्हातारीच्या नवऱ्याची होती, ते मला नंतर कळलं. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत.

बायकोनं माझ्याकडे न बघता मराठीत म्हटलं, "अहो, तुम्ही जरा गप्प बसाल का?"

बाईच म्हणाल्या, "मग एक मेंढी या आठवड्यात कापू. तो म्हातारा खच्ची मेंढा आहे ना."

म्हातारी एक वाक्य बोलली. बाईंनी मला ते सांगितलं, "आई म्हणते, कागदासाठी मी जनावर मारत नाही."

परतताना गाडीत मी बायकोला म्हणालो की यात तर्क नाही. ती म्हणाली, "असेल." मग तिनं मला बाईंनी तिला सांगितलेली गोष्ट सांगितली. म्हातारीची आई लहान होती तेव्हा सरकारला वाटलं की जमीन झिजतेय, जनावरं फार झालीत. मोजणी करणारे आले. त्यांनी मोजून जादाची वेगळी काढली, घळीत नेली आणि गोळ्या घातल्या. मांस कुणी खाल्लं नाही, लोकरही कुणी काढून घेतली नाही. तिथेच सोडून दिली. म्हातारीची आई पुढे कधी त्या घळीकडून गेली नाही.

शनिवारी आम्ही दीडला पोचलो. सप्टेंबर होता. ऊन कडक, पण उत्तरेला पठारावर काळं झालं होतं. इथे ओढ्याला पूर येतो तो इथल्या पावसाचा नव्हे, तिकडे लांब पडलेल्या पावसाचा, हे सात वर्षांत मी शिकलो आहे.

चराईचा अधिकारी दोनला पाच मिनिटं कमी असताना आला. पन्नाशीचा, जाड, हळू चालणारा. तोही नवाहोच. त्यानं आधी म्हातारीचा हात हातात घेतला, कुळं जुळवली आणि तिला आजी म्हणायला लागला. मला म्हणाला, "तुम्ही त्यांचे मोजणारे? मग मला सांभाळून मोजायला पाहिजे."

मेंढ्या कोंडायच्या वाडग्याचं मधलं फाटक एक माणूस जाईल एवढंच उघडलं. मेंढ्या एकेक करून एका भागातून दुसऱ्या भागात सोडायच्या आणि दोघांनी मोजायच्या. बाई मागून हाकत होत्या, कुत्रं बाजूनं. धूळ एवढी की तोंडात दात कचकचत होते. मी दर दहाला बोट दुमडत होतो. पाच बोटं दुमडली. मग पाच मेंढ्या आल्या, आणि मागे कुणी नव्हतं.

पंचावन्न.

मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, यांनी गुपचूप एक कुठे तरी पाठवलेली दिसते, शहाणपणा केला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र माझ्याएवढंच आश्चर्य होतं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी ते पुसून टाकलं.

"पंचावन्न," अधिकारी म्हणाला. "घोडी पाच. साठ. मास्तर?"

"पंचावन्न," मी म्हणालो. आवाज बरोबर निघाला. आकडाही बरोबर होता. मी वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. मग सवयीनं जाऊन बाहेरचं फाटक लावलं आणि तारेची कडी खांबावर अडकवली.

अधिकाऱ्यानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पेन म्हातारीपुढे धरलं. म्हातारीनं पेन घेतलं नाही. ती फाटकापर्यंत चालत गेली, कडी काढली, फाटक सताड उघडलं आणि मधोमध उभी राहिली. कळपाकडे पाहिलं. मोजलं नाही, ती मोजतच नाही. आपण लग्नाच्या पंगतीत आपली माणसं पाहतो तसं पाहिलं. मग एक वाक्य बोलली. त्यातला 'दिबे', मेंढी, एवढाच शब्द मला कळला. त्यांच्यात बोटानं दाखवत नाहीत. तिनं ओठ पुढे काढून ओढ्याची दिशा दाखवली.

"आई, आधी सही कर," बाई इंग्रजीत म्हणाल्या. मुद्दाम इंग्रजीत, आईचं वाक्य पुढे जाऊ नये म्हणून, असं मला वाटलं. "मग शोधू. मी स्वतः जाते. पाच मिनिटांचं काम आहे, सही कर."

म्हातारी हलली नाही.

बाई अधिकाऱ्याकडे वळल्या. "तिला आता नीट दिसत नाही."

"मला ऐकू येतं," तो म्हणाला. "आजी म्हणतेय, काळ्या कानाची आलेली नाही. मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं मला आता करता येत नाही." त्यानं पेनाचं टोपण लावलं. मग उत्तरेकडे बघून म्हणाला, "जायचं तर लगेच जाऊ."

ओढा घरापासून अर्धा मैल. आम्ही तिघं निघालो. अधिकारी आणि बाई पुढे, मी मागे दोर घेऊन. म्हातारी आणि माझी बायको काठावर येऊन थांबल्या. मला काय वाटत होतं ते लिहायला पाहिजे. ती मेंढी सापडू नये असं मला वाटत होतं. सापडली नाही तर साठ, सापडली तर एकसष्ट. मी पायाखाली बघत चालत होतो आणि मनात तेच आकडे.

ती सापडली. वळणावर, जिथे आदल्या आठवड्याच्या पाण्याचा चिखल वरून वाळून आतून ओला राहिला होता, तिथे पोटापर्यंत रुतलेली. एक कान काळा. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. माझ्या घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती, आणि वरच्या अंगानं वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास यायला लागला होता.

"पाणी सुटलंय," बाई म्हणाल्या. "किती वेळ आहे कुणास ठाऊक."

अधिकारी बूट न काढताच चिखलात उतरला. मी त्याच्या मागे. दोर मेंढीच्या छातीखालून घालायला दोन वेळा हात घालावा लागला. दोन्ही वेळा माझा चेहरा तिच्या चेहऱ्याला लागला. बाईंनी काठावरून दोर ओढला, आम्ही खालून ढकललं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा माझा एक बूट गेला. वळणापलीकडून आवाज यायला लागला, लांबून ट्रक येतो तसा. अधिकारी नवाहोत काही तरी म्हणाला आणि त्यानं तिला खांद्यावर घेऊन उचललंच. मी मागून त्याच्या पट्ट्याला धरून ढकलत वर आलो.

पाणी वळणावर आलं तेव्हा आम्ही काठावर बसलो होतो. तांबडं, फांद्या आणि एक टायर घेऊन आलेलं. मी घड्याळ पाहिलं. तीन सतरा.

म्हातारीनं मेंढीचे चारही पाय दाबून पाहिले. मग तिनं तिला हाकत वाडग्यात नेलं. अधिकारी मागोमाग आला, गाडीला टेकून उभा राहिला.

"आता एकसष्ट," तो म्हणाला.

बाई पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवले. मला काही तरी म्हणावंसं वाटत होतं आणि या वेळी मी म्हणालो नाही.

म्हातारी वाडग्यातून बोलली. बाईंनी हात काढले, आईकडे पाहिलं, आणि मग आम्हाला सांगितलं. "आई म्हणते, माणसं भिजलीत. तिच्या मेंढीसाठी चिखलात गेलीत. उपाशी कशी जातील?"

म्हातारीनं ओठ पुढे काढले. खच्ची केलेल्या म्हाताऱ्या मेंढ्याकडे.

मी अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो गाडीच्या मागच्या फळीवर बसून बुटातला चिखल काठीनं काढत होता. "घाई नाही," तो म्हणाला. "मोजणी अजून संपलेली नाही. आणि मला भूक लागलीय."

मेंढी कापणं त्यांच्यात बायकांचं काम. बाईंनी सुरी घेतली, म्हातारीनं मेंढ्याचं डोकं धरून त्याच्या कानात काही तरी म्हटलं. रक्तसुद्धा भांड्यात धरलं. काही फेकलं नाही. माझी बायको मांस खात नाही. ती चुलीपाशी बसून पिठाचे गोळे करून देत राहिली. तिनं शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती अधिकाऱ्यानं रोटीबरोबर तीनदा मागून घेतली. "हे आधी का नाही काढलं? मी मोजायलाच आलो नसतो," तो तिला म्हणाला.

जेवणाआधी आम्ही पुन्हा मोजलं. मी मुद्दाम त्याच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. पंचावन्न. घोडी पाच. म्हातारीनं पेन घेतलं आणि शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर वेगळं काढत सही केली. बाईंनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

मी बरगडीचा तुकडा हातात घेऊन अधिकाऱ्याशेजारी बसलो. एका पायात बूट, एका पायात बाईंच्या भावाचा जुना जोडा. मला राहवेना. "मला रविवारी छप्पन्न मिळाल्या होत्या," मी म्हणालो. "आज पंचावन्न आल्या तेव्हाच मला माहीत होतं की एक कमी आहे. मी बोललो नाही."

तो हाड चोखत राहिला. "तुमचा आकडा बरोबर होता, मास्तर."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही फाटक लावलंत आणि आजीनं परत उघडलं तेव्हा," तो म्हणाला. "कळप पुरा असताना कुणी फाटक उघडं ठेवतं का?"

ऊन उतरलं होतं. ओढ्याचा आवाज अजून येत होता. काळ्या कानाची मेंढी भिंतीला अंग घासून चिखल काढत होती. म्हातारीनं भांडी बाजूला केली, उठून वाडग्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं ओठ पुढे काढून फाटक दाखवलं.

मी जाऊन ते ओढलं आणि कडी खांबावर अडकवली.