व्हर्नाचं निळं बटण

स्लेट फोर्क गावात व्हर्ना स्टिल्टनरला न घाबरणारी बाई शोधून सापडायची नाही. शाळेची बस चालवायची तेव्हापासून तिचा आवाज असा, की मागच्या बाकावरचं पोरगं जागच्या जागी गार. मग तिच्या पाठीला मार लागला, डॉक्टरने कळ मारणाऱ्या, अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या, आणि केंटकीच्या या डोंगरांत निम्म्या घरांचं जे झालं तेच तिचंही झालं, त्या गोळ्यांचं व्यसन लागलं. बस गेली, नवरा गेला, घर गेलं. त्यातून ती उठली कशी, ते तिचं तिला ठाऊक. पण उठली, आणि गावातली बंद पडलेली अंत्यविधीची इमारत भाड्याने घेऊन नशा सोडणाऱ्या बायकांसाठी तिथे घर सुरू केलं. गावाला टिंगलीला आयता विषय मिळाला. म्हणायचे, पूर्वी तिथून माणसं बाहेर न्यायचे, आता आत नेतात. हसा लेको, हसा. तुमच्याच बहिणी आणि मुली तिथे झोपत होत्या.

घराचे नियम व्हर्नाचे, आणि त्यांत हयगय नाही. सकाळची कॉफी झाली की ओट्यावरचा बिस्किटांचा डबा हलवायचा. त्यात प्रत्येकीचं वेगळ्या रंगाचं बटण. जिचं बटण हाताला लागेल तिने लघवी तपासायला द्यायची, आणि तेव्हा दुसरीने दारात उभं राहायचं. त्यात व्हर्नाचंही एक निळं बटण होतं. ते तिने स्वतः हट्टाने टाकलेलं. साधी डोकेदुखीची गोळी असली तरी ती सगळ्यांसमोर कुलपाच्या पेटीत ठेवायची. लपवलेली सापडली, तर दुपारच्या जेवणाआधी सामानासकट बाहेर. टॅमरा रॅटलिफ नावाच्या पोरीला मागच्या हिवाळ्यात व्हर्नाने भर बर्फात असंच घालवलं होतं. टॅमरा परत आली, टिकली, आणि आता स्वयंपाकघर तिच्याच हातात होतं.

त्या सोमवारी सगळं घर पहाटेपासून कामाला लागलं होतं. त्या गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांकडून कोर्टाने भरपाई म्हणून वसूल केलेला पैसा वाटायला काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, एक समिती नेमली होती, आणि ती आज घर बघायला यायची होती. चर्चच्या देणग्या आटल्या होत्या, घरमालक दुसरं गिऱ्हाईक शोधत होता. समिती हो म्हणाली तर घर राहणार. नाही म्हणाली तर थंडी सुरू होता होता सात बायका रस्त्यावर. हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी फारसं बोलत नव्हतं.

व्हर्नाचं मात्र निराळंच जळत होतं. शुक्रवारी तिची दाढ उपटली होती. एरवी दातांच्या डॉक्टरकडे पाय ठेवल्याबरोबर ती सांगायची, मला ती गोळी चालत नाही. या खेपेला कळ अशी होती की तोंड उघडलंच नाही, आणि त्याने दिलेली त्याच गोळ्यांची पुडी तिने गपचूप घेतली. शनिवारी एक गोळी, रविवारी दोन. उरलेल्या कोटाच्या आतल्या खिशात. सुजलेला गाल बघून टॅमराने विचारलं होतं, तेव्हा व्हर्ना म्हणाली, काही नाही गं, मिठाच्या गुळण्या करतेय. आपण इतकं सहज खोटं बोललो याचीच तिला धडकी भरली. जुनी व्हर्ना अशीच बोलायची.

समिती वेळेआधीच हजर झाली. तिघं जण, आणि त्यांचा म्होरक्या कर्टिस बॉग्ज, खाणीतून निवृत्त झालेला मुकादम. माणूस भला, पण सगळं हाताळून बघायची सवय. खोल्या बघितल्या, घर तापवायची भट्टी बघितली, टॅमराने केलेली इकडची पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही चापली. मग त्याची नजर डब्यावर गेली. हे काय? टॅमराने समजावून सांगितलं. बॉग्जला ते फारच आवडलं. म्हणाला, मग आजचं बटण मीच काढतो.

व्हर्नाने मनात हिशोब केला. सात जणींची सात आणि तिचं एक. नाही येणार, कशाला येईल, असं ती मनात घोकत राहिली. बॉग्जने बाह्या सरसावल्या, डोळे मिटले आणि मूठ बाहेर काढून उघडली. निळं.

बायका हसल्या. टॅमरा म्हणाली, "घ्या मिस व्हर्ना, आज तुम्हीच सापडलात."

बॉग्ज बिचारा ओशाळला. "छे छे, मालकिणीचं कशाला! तुमचं राहू द्या. दुसरं काढतो."

त्याचा हात परत डब्यात गेला. व्हर्नाने फक्त गप्प बसायचं होतं. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. घर वाचलं असतं, पैसा आला असता, दाढही दोन दिवसांत बरी झाली असती. आणि हे इतकं सोयीचं होतं म्हणूनच ते तिला नको झालं. सोयीचं सगळं कुठे जातं हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला कळत होतं?

"ठेवा ते खाली," ती म्हणाली. "माझंच आहे. आणि तपासायचीही गरज नाही."

तिने खुंटीवरचा कोट काढला, पुडी टेबलावर ठेवली आणि शुक्रवारपासूनचं सगळं सांगून टाकलं. बॉग्जने पुडी उलटसुलट करून पाहिली. डॉक्टरनेच दिलीय की, तो म्हणाला, आमच्याकडून काही नाही, आम्ही हे लिहीतही नाही. दोघीतिघींनी लगेच माना हलवल्या. हो ना, दाढच तर होती. सगळ्यांना तिला वाचवायचं होतं, आणि व्हर्नाला तेच सहन होईना.

टॅमरा उठली.

"नियम म्हणजे नियम, मिस व्हर्ना," ती म्हणाली. "तुमचं सामान मी भरते."

"अगं, पाहुणे बसलेत," कुणीतरी पुटपुटलं.

"बसू देत. मला काढलं तेव्हाही बसले होते."

दुपारच्या जेवणाआधी व्हर्ना बाहेर पडली. टॅमराने बॅग गाडीत ठेवली, पण निरोपाला थांबली नाही. आत जाऊन तिने भांडी घासायला घेतली. बॉग्ज व्हरांड्यात टोपी हातात धरून उभा होता. पैशाचं हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

पुढचे दिवस व्हर्नाने नदीपलीकडे बहिणीच्या घरी काढले. गोळ्यांची आठवण यायची, पण त्याहून जास्त घराची. आपल्या एका खोटेपणापायी सात बायकांचं छप्पर गेलं असेल, या विचाराने तिला अन्न गोड लागत नव्हतं. फोन करायची हिंमत होत नव्हती. शेवटी टॅमराचाच आला. समितीने वर्षभराचा पैसा मंजूर केला होता. घर आता टॅमराने चालवायचं, असंही लिहून दिलं होतं.

व्हर्नाने विचारलं, "माझी खोली रिकामीच असेल ना? मला यायचंय. बाकीच्यांसारखी."

"एकच खोली आहे," टॅमरा म्हणाली. "आणि तुमच्याआधी दोघींनी मागितलीय. एक तुरुंगातून सुटतेय, दुसरी गाडीत झोपते. तुम्ही तिसऱ्या."

व्हर्नाला रागही आला आणि रडूही आलं. त्या घराचा खिळा न् खिळा तिने ठोकला होता.

"गाडीतलीला आधी घे," ती म्हणाली. "रात्री थंडी पडायला लागलीय. आणि माझं नाव यादीत राहू दे."