पिठाच्या जाहिरातीतले हात

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर जाहिरातींचं शूटिंग जमवणारी एक बाई राहते. गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली आणि वाण घ्यायला पुढे झालेले बायकांचे हात निरखत बसली. गव्हाच्या पिठाच्या जाहिरातीसाठी तिला हात हवे होते. मॉडेलचे नकोत, रोज कणीक मळणारे. तोंड दिसणार नव्हतं. फक्त हात.

मी वाशीच्या एका कॉलेजात माध्यमं हा विषय शिकवते. जाहिरातीत बाईचे तुकडे कसे करतात, कुठे नुसते ओठ, कुठे नुसते केस, कुठे नुसती कंबर, आणि त्या तुकड्यांवर फिरणारी नजर कोणाची असते, हा माझा लाडका धडा. म्हणजे त्या बाईला चार शब्द सुनावायला सोसायटीत माझ्याइतकी लायक दुसरी कोणी नव्हती. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे ठरले, तर सकाळी उठून नखं कापली, हातांना साय चोळली आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही हात पुढे धरले.

बाईने मोबाइलवर फोटो पुढेमागे करून पाहिले. म्हणाली, "मॅडम, तुमचे हात ना, हुशार दिसतात. असं वाटतं, आता काहीतरी समजावून सांगणार."

निवडले माझ्या जावेचे.

जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातली, बारावी शिकलेली. लहानपणापासून आईबरोबर मासळी साफ केलेले हात, त्यांना खरं तर भेगा पडायला हव्या होत्या. पण बोटं लांबसडक, आणि कणकेत शिरली की अशी फिरायची की बघत राहावं. आमचं घर एकत्र, दोन फ्लॅट जोडून केलेलं, त्यामुळे मी ते हात आठ वर्षं रोज पाहत होते. तोवर ते कधी डोळ्यांत खुपले नव्हते.

जाहिरात टीव्हीवर आली. कणीक मळणारे हात, तव्यावर टम्म फुगलेली पोळी, तुपाची धार. मग टेबलाशी बसलेला कडक इस्त्रीच्या शर्टातला पुरुष. हात त्याच्या ताटात पोळी वाढतात आणि बाजूला होतात. तो घास घेऊन डोळे मिटतो, आणि कोणा पुरुषाचाच भारदस्त आवाज सांगतो की घर म्हणजे हीच चव. सासूबाईंनी मजल्यावर पेढे वाटले. मी प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाले त्या दिवशी घरात शिरा होता खरा, पण तो शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद होता.

पुढच्या महिन्यात हायवेवर, खारघरच्या अलीकडे, होर्डिंग लागलं. एक हात, एक पोळी. वाशीची बस नेमकी तिथेच रेंगाळायची आणि मी मान दुसरीकडे वळवायची. म्हणजे आधी एकदा नीट बघून घ्यायची, मग वळवायची.

मी जळत होते. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. जाऊ लेकाला टीव्हीसमोर ओढून "ते बघ, मम्मीचे हात" म्हणायची, तेव्हा मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायची. पण शिकलेल्या बाईच्या मत्सराची एक सोय असते. त्याला सिद्धांत मिळतो.

एका शनिवारी कॉलेजात कसल्याशा परीक्षेचं केंद्र होतं, म्हणून तास घरूनच, ऑनलाइन घ्यायचा होता. मी ती जाहिरात लावली आणि सुटलेच. बघा, म्हटलं, खाणारा अख्खा माणूस आहे आणि वाढणारी नुसता अवयव. तिला चेहरा नाही, आवाज नाही. ती कोण, तिला स्वतःला भूक लागली आहे का, हे विचारावंसंही कोणाला वाटलेलं नाही. बाईचं माणूसपण काढून घेतलं की तिचं काम तेवढं उरतं, आणि त्या कामाला हे लोक माया म्हणतात. इतकं चांगलं मी वर्षभरात शिकवलं नव्हतं. शब्द न् शब्द खरा होता, आणि मला शब्द न् शब्द गोड लागत होता.

तेवढ्यात पडद्यावर माझ्या डावीकडून एक हात आला. चहाचा कप ठेवला आणि बाजूला झाला.

तास चालू असताना कॅमेऱ्यात यायचं नाही, असं मीच जावेला बजावलं होतं. म्हणून ती भिंतीला चिकटून उभी राहायची आणि हात तेवढा पुढे करून कप ठेवायची.

वर्गातल्या एका मुलीने माइक चालू केला. "मॅम, सेम टू सेम! कोणाचा हात आहे हा?" सगळे हसले.

"घरातलंच कोणीतरी," मी म्हणाले. "चला, पुढची स्लाइड."

तास संपवून मी लॅपटॉप मिटला तेव्हा ती अजून भिंतीशीच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. आता ही रडणार, किंवा सासूबाईंकडे जाणार, असं मला वाटलं. ती रागावली की तिची गावाकडची बोली वर येते.

"तुमी बोल्लात ते खरं हाय, वैनी," ती म्हणाली. "दिसभर पोल्या केल्या मी तितं. तो मानूस घास घेई नि बादलीत थुके, परत घेई नि परत थुके. मला कोनी इचारलं नाय, तू जेवलीस काय म्हनून."

मी लॅपटॉपची वायर गुंडाळू लागले.

"पन त्या पोरीने इचारलं तवा, माज्या जावेचा हात हाय, एवडं बोलाला काय झालं असतं?"

"अगं, हात कोणाचा याला महत्त्व नसतं," मी म्हणाले. "प्रश्न एकट्या तुझा नाही, मुद्दा मोठा आहे." आणि मी तिला मुद्दा समजावून सांगू लागले, दोन्ही हात हलवून हलवून. तिने माझ्या हातांकडे बघितलं, कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेली.

होर्डिंगवर आता कुठल्याशा टॉवरची जाहिरात आहे. बस तिथे रेंगाळते आणि मी अजून त्याच प्रश्नाशी येऊन थांबते. चौथ्या मजल्यावरच्या बाईने माझे हात निवडले असते, तर मी ती जाहिरात वर्गात दाखवली असती का? दाखवली असती. टीकाही केली असती, हीच, याच शब्दांत. फक्त पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं की हे हात माझे आहेत.